लोहारा ते सीताबर्डी : नोकरीच्या वाटेवरचे सांधे

यवतमाळ शहरातून दारव्ह्याच्या दिशेने निघालेला रस्ता शहराची दाट वस्ती मागे टाकतो न टाकतो तोच लोहारा लागते. २०११ च्या जनगणनेत या गावाची नोंद ‘जनगणना शहर’ अशी झाली होती. कारभार ग्रामपंचायतीचा असला तरी लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के पुरुष शेतीबाहेरच्या व्यवसायात, या तीन कसोट्यांना जी वस्ती उतरते तिला जनगणना खाते हे नाव देते. पुढे यवतमाळ नगर परिषदेची हद्द वाढली आणि लोहारा तिच्यात सामावले गेले. कमलेश्वराचे जुने हेमाडपंती मंदिर, म्हणजे चुन्याचा आधार न घेता घडीव दगड एकमेकांत बसवून उभारलेले मंदिर, ही गावाची एक ओळख आहे; दुसरी ओळख त्याच्या लगतच्या औद्योगिक वसाहतीची. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने वसवलेल्या आणि सर्वांच्या तोंडी ‘एमआयडीसी’ याच नावाने रुळलेल्या या वसाहतीत रेमंड समूहाचा डेनिम कापडाचा मोठा कारखाना आहे आणि पाळीच्या वेळेला तिच्याकडे येणारी सायकली, दुचाकी व ऑटोंची रीघ अनेक वर्षांपासून दिसत आली आहे.

दारात एमआयडीसी असूनही लोहाऱ्यातल्या पदविकाधारक, अभियंता, परिचारिका किंवा संगणक शिकलेल्या तरुणांना पहिली नोकरी बहुधा गावाबाहेर शोधावी लागते, याचे कारण कारखान्यांच्या संख्येपेक्षा कामाच्या प्रकारात आहे. कापड गिरणीला लागणारे मनुष्यबळ ठरावीक स्वरूपाचे असते. रुग्णालये, माहिती तंत्रज्ञान, विमान दुरुस्ती, मोठी गोदामे आणि कंपन्यांची कार्यालये मात्र महानगराभोवती गोळा होतात. यवतमाळच्या दृष्टीने सर्वांत जवळचे असे महानगर म्हणजे सुमारे १५० किलोमीटरवरचे नागपूर. पुण्याला जाणारा तरुण रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये बसतो आणि तिथे राहण्याच्याच तयारीने जातो. नागपूरला जाणाऱ्यासमोर मात्र एक खरा प्रश्न उभा राहतो, कारण नागपूर रोज ये-जा करता येईल इतके जवळ नाही आणि घर सोडण्याचा निर्णय सहज घ्यावा इतके दूरही नाही. हा प्रश्न नकाशावरच्या अंतरापेक्षा वाहनांच्या सांध्यांनी, म्हणजे एक वाहन सोडून दुसरे पकडण्याच्या जागांनी आणि वेळांनी सुटतो किंवा अडतो, हे लोहारा ते नागपुरातील सीताबर्डी हा मार्ग पावलापावलाने पाहिला की ध्यानात येते.

या मार्गाचा पहिला सांधा सर्वांत लहान आणि तितकाच बेभरवशाचा आहे. लोहाऱ्याहून यवतमाळच्या बसस्थानकापर्यंतचे अंतर मोजक्या किलोमीटरांचे आहे, परंतु पहाटेच्या गाडीसाठी निघालेल्या माणसाला त्या अंतराचा भरवसा देणारे सार्वजनिक वाहन मिळणे अवघड असते. दारव्हा-दिग्रसकडून येणारी एसटी लोहाऱ्यावरून जाते, पण ती साधी असेल तर थांबते आणि जलद असेल तर थांबेलच असे नाही. शिवाय यवतमाळच्या तोंडाशी येईपर्यंत तिच्यात उभे राहायलाही जागा उरत नाही. सवारी भरल्याशिवाय न निघणारा ऑटो हा दिवसाचा आधार असतो. पहाटे पाच वाजता सवारी भरत नाही, त्यामुळे एकट्या प्रवाशाला पूर्ण ऑटोचे पैसे मोजावे लागतात किंवा घरातील कोणीतरी दुचाकीवर सोडायला उठावे लागते. नोकरी एकाची लागली तरी पहाट सगळ्या घराची होते. वाहतुकीच्या अभ्यासात प्रवासाच्या पहिल्या आणि शेवटच्या किलोमीटरचा प्रश्न वारंवार चर्चिला जातो, तो असा.

यवतमाळच्या बसस्थानकावरील वेळापत्रकाच्या मुळाशी एक जुनी घडण आहे. मुंबई राज्याच्या राज्य परिवहन सेवेची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली आणि त्यानंतरच्या दशकांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांपर्यंत जे जाळे विणले गेले, त्याचा कणा होती ‘मुक्कामी गाडी’. संध्याकाळी आगारातून निघून शेवटच्या गावी रात्र काढणारी आणि सकाळी तिथूनच प्रवासी घेऊन तालुक्याला किंवा जिल्ह्याला परतणारी ही गाडी शाळकरी मुले, बाजाराला निघालेला शेतकरी, कचेरीत काम असलेला नागरिक आणि दवाखान्यात जाणारा रुग्ण यांच्यासाठी अतिशय योग्य व्यवस्था होती व आजही आहे. तिची चाल मात्र गावाकडून जिल्ह्याच्या ठिकाणाकडे आणि सकाळी दहाच्या सुमारास पोहोचण्याच्या हिशेबाने आखलेली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणाहून महानगराकडे, तेही सकाळी नऊच्या आत पोहोचणारा नोकरदार या आखणीत गृहीत धरलेला नाही. एसटी महामंडळाला त्यासाठी दोष देणे अन्यायाचे ठरेल, कारण ज्या काळात जाळे उभे राहिले त्या काळात असा नोकरदार फारसा अस्तित्वातच नव्हता. पण आता तो आहे, आणि त्याची संख्या वाढत आहे.

भाड्याच्या बाबतीत एसटीने या प्रवाशाला बराच हात दिलेला आहे. एसटीचे भाडे टप्प्यावर आकारले जाते. ६ किलोमीटरचा एक टप्पा धरून जितके टप्पे तितके पैसे, अशी ही पद्धत आहे. रोजच्या प्रवाशासाठी मासिक पास असतो, त्यात २० दिवसांचे भाडे भरून महिनाभर प्रवास करता येतो. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेखाली सर्व महिलांना निम्म्या भाड्यात प्रवासाची सवलत मिळाली आणि तिचा परिणाम घराघरांतल्या निर्णयांवर झाला. मुलीने नागपूरला नोकरीला जावे की यवतमाळातच काही मिळते का ते पाहावे, या चर्चेत येण्याजाण्याचा खर्च हे नकाराचे एक सोयीचे कारण असे. ते कारण निम्म्याने कमी झाले. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली तेव्हाही ही सवलत कायम राहिली. सार्वजनिक वाहतुकीवरचा खर्च तोट्याच्या रकान्यात लिहिला जातो, परंतु एका मुलीच्या नोकरीने घरात आलेले उत्पन्न त्या हिशेबाच्या वहीत कोठेच दिसत नाही, हे या ठिकाणी आवर्जून नोंदवले पाहिजे.

ही व्यवस्था नसली तर काय होते, याचा अनुभव विदर्भाने २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू होऊन २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबलेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात घेतला. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे ही कर्मचाऱ्यांची मुख्य मागणी होती, आणि तुटपुंज्या पगारावर रात्रंदिवस गाडी चालवणाऱ्या व तिकिटे फाडणाऱ्या माणसांचे दुःख त्यामागे होते. त्या महिन्यांत काळीपिवळी जीप आणि ट्रॅव्हल्स यांच्यावाचून पर्याय उरला नाही आणि ज्यांना तो खर्च झेपत नव्हता त्यांचा प्रवासच थांबला. लोहाऱ्यासारख्या गावाला एसटी किती पुरते याबद्दल मतभेद असू शकतात. ती किती लागते याबद्दल मात्र त्यानंतर शंका उरलेली नाही.

यवतमाळहून सुटलेली नागपूरची गाडी कळंबच्या रस्त्याला लागते तेव्हा प्रवास खऱ्या अर्थाने सुरू होतो. यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीच्या पठारावर वसलेले असल्याने नागपूरकडचा रस्ता एकूण उताराचा आहे. सागाच्या झाडीतून आणि टेकड्यांच्या कुशीतून तो हळूहळू वर्धा नदीच्या सपाट, काळ्या मातीच्या खोऱ्यात उतरतो. फाल्गुनात या टेकड्यांवर पळस पेटलेला असतो, पावसाळ्यात दोन्ही बाजूंना कपाशी, सोयाबीन आणि त्यांच्या मधून तुरीच्या ओळी दिसतात, आणि दिवाळीनंतर कापसाने लादलेल्या गाड्या जिनिंगकडे जाताना भेटतात. कळंब हे चिंतामणी गणेशाचे क्षेत्र. जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून ज्याचे दर्शन घ्यावे लागते अशा या देवाला नव्या नोकरीवर निघालेला तरुण गाडीतूनच हात जोडतो. तुळजापूरहून नांदेड, यवतमाळ, वर्धा असा बुटीबोरीपर्यंत येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ हाच हा रस्ता. त्याच्या चौपदरीकरणाने प्रवास सुकर झाला असला तरी गाडी देवळी, वर्धा, सेलू अशी गावे घेत जाणार असल्याने नागपूरला पोहोचायला तीन तासांहून अधिक वेळ लागतोच.

कळंब आणि देवळी यांच्या दरम्यान वर्धा नदीचा पूल लागतो. आज ही नदी केवळ दोन जिल्ह्यांची सीमा आहे, पण एके काळी तिच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे नागपूरचा मध्य प्रांत अशा दोन निराळ्या राज्यव्यवस्था होत्या. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला, तोवर यवतमाळचा माणूस नागपूरकडे राजधानी म्हणून पाहत नव्हता. या इतिहासाचा लोहाऱ्याच्या नोकरदाराशी थेट संबंध आहे, कारण यवतमाळला पहिली रेल्वे मिळाली ती या सीमेकडे पाठ करूनच.

किलिक निक्सन या मुंबईच्या इंग्रज पेढीने विसाव्या शतकाच्या आरंभी उभारलेला आणि पुढे ‘शकुंतला’ या लाडक्या नावाने ओळखला गेलेला यवतमाळ–मूर्तिजापूर हा ११३ किलोमीटरचा लोहमार्ग अरुंद मापाचा, म्हणजे दोन रुळांत अवघे अडीच फूट अंतर असलेला होता. तो दारव्हा, कारंजा असा पश्चिमेला जात मूर्तिजापूरला मुंबई–नागपूर मुख्य मार्गाला मिळत असे, आणि त्याचे प्रयोजन एकच होते : यवतमाळच्या परिसरातील कापसाच्या गाठी मुंबई बंदराकडे आणि तिथून विलायतेतील गिरण्यांकडे पोहोचवणे. १९२० च्या दशकात आलेले मँचेस्टरच्या बनावटीचे वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावत होते. देशातील इतर रेल्वे राष्ट्राच्या मालकीच्या झाल्यावरही हा मार्ग खासगी कंपनीच्या मालकीचा राहिला, हे त्याचे नवल सर्वत्र सांगितले जाते. त्याहून महत्त्वाची पण क्वचित सांगितली जाणारी गोष्ट त्याच्या दिशेची आहे. नागपूर यवतमाळच्या ईशान्येला आणि शकुंतलेचे तोंड पश्चिमेला. गरिबांची गाडी म्हणून तिने तीन पिढ्यांची सेवा केली याबद्दल कृतज्ञता वाटतेच, पण ती माणसाला कामावर नेण्यासाठी आखलेली नव्हती आणि बंद पडेपर्यंत तशी झालीही नाही. कापसाला मुंबईचा रस्ता शंभर वर्षांपूर्वी मिळाला. तो पिकवणाऱ्याच्या मुलाला नागपूरचा लोहमार्ग मिळावा यासाठी एकविसावे शतक उजाडावे लागले.

हा मार्ग म्हणजे वर्धा–यवतमाळ–नांदेड हा सुमारे २८४ किलोमीटरचा रुंदमापी प्रकल्प. त्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी यवतमाळ येथे झालेल्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते खुला झाला. वर्ध्याला या मार्गाचे मुख्य मार्गाशी मीलन होते आणि तिथून नागपूर ऐंशी किलोमीटरच्या आत आहे. वर्ध्यातील शेकडो नोकरदार आणि विद्यार्थी रेल्वेच्या मासिक पासावर नागपूरला रोज ‘अपडाऊन’ करतात, म्हणून यवतमाळहून एसटीने वर्धा गाठून पुढे रेल्वेने जाण्याचा मार्ग काही जण आजही पत्करतात. मात्र वर्ध्याचे बसस्थानक आणि रेल्वे स्थानक यांच्या वेळा एकमेकांसाठी जुळवलेल्या नाहीत. एसटी तिच्या वेळेवर आली, पण रेल्वेगाडी तिच्या वेळेनुसार दहा मिनिटे आधीच सुटलेली असली, तर पुढच्या गाडीची वाट पाहण्यात वाचवलेला सगळा वेळ जातो. दोन्ही सेवा आपापल्या जागी वक्तशीर असूनही प्रवासी उशिरा पोहोचतो, अशी ही स्थिती आहे.

वर्ध्यानंतर पवनारपाशी धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम, पुढे केळझरच्या टेकडीवरचा सिद्धिविनायक, अशी ठिकाणे मागे टाकत गाडी बुटीबोरीला येते. हैदराबादकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ इथे मिळतो आणि राज्यातील मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक असलेली बुटीबोरीची एमआयडीसी इथेच पसरली आहे. इथपासून नागपूरची हवा जाणवू लागते : मालमोटारींची रांग, कंपन्यांच्या कर्मचारी बसगाड्या, वर्धा रोडच्या दुतर्फा उभ्या राहिलेल्या इमारती.

नव्या नोकरदाराला पहिला निर्णय घ्यावा लागतो तो खापरीला. अनोळखी माणूस नागपूर म्हणजे गणेशपेठचे बसस्थानक समजून शहराच्या मध्यापर्यंत बसून राहतो. परंतु त्याची नोकरी मिहानमध्ये असेल, तर तो आपल्या कार्यालयावरून पुढे जाऊन पुन्हा मागे येण्याचा प्रवास करत असतो. मिहान हा बहुविध वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय मालवाहतूक केंद्र आणि विमानतळ अशा कल्पनेतून उभा राहिलेला प्रकल्प आहे. त्याच्या क्षेत्रात टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांसारख्या कंपन्या, विमान दुरुस्तीचे केंद्र आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे रुग्णालय आहे, आणि हे सारे शहराच्या दक्षिणेला, म्हणजे यवतमाळहून येणाऱ्याच्या वाटेवरच आहे. खापरीला उतरणाऱ्याचा बराच वेळ वाचतो. मात्र खापरीच्या थांब्यापासून मिहानमधील कार्यालयांपर्यंतची अंतरे मोठी, रस्ते रुंद आणि सावली विरळ आहे. वैशाखातील नागपुरी उन्हात ते अंतर पायी तोडण्याचा सल्ला कोणी देणार नाही. नागपूर महानगरपालिकेची ‘आपली बस’, कंपनीची गाडी किंवा सहकाऱ्याची दुचाकी यांपैकी काय वेळेवर मिळेल ते आधी विचारून ठेवावे लागते. लोहाऱ्याला जो प्रश्न पहाटे पाच वाजता पडला होता तोच इथे सकाळी नऊ वाजता पुन्हा समोर येतो.

ज्याचे काम शहरात किंवा शहराच्या पश्चिमेला आहे त्याच्यासाठी खापरी हे मेट्रोचे दार आहे. नागपूर मेट्रोची पायाभरणी २१ ऑगस्ट २०१४ रोजी झाली. खापरी ते सीताबर्डी हा मार्ग मार्च २०१९ मध्ये आणि लोकमान्य नगर ते सीताबर्डी हा मार्ग जानेवारी २०२० मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजी खापरी–ऑटोमोटिव्ह चौक ही नारिंगी मार्गिका आणि प्रजापती नगर–लोकमान्य नगर ही निळसर ‘अ‍ॅक्वा’ मार्गिका मिळून सुमारे ३८ किलोमीटरचा पहिला टप्पा पूर्णत्वास गेला. खापरीला रूळ जमिनीवरच आहेत, त्यामुळे एसटीतून उतरलेल्या माणसाला उंच जिने चढण्याचा धसका बसत नाही. विमानतळाच्या बाजूने जात गाडी पुढे उंचावर चढते आणि वर्धा रोडवरच्या त्या प्रसिद्ध दुमजली पुलावर येते, जिथे सर्वांत खाली जुना रस्ता, त्याच्या वर उड्डाणपूल आणि त्याहीवर मेट्रो अशी वाहतूक एकाच खांबांच्या ओळीवर पेललेली आहे. सुमारे ३.१४ किलोमीटर लांबीच्या या पुलाची नोंद गिनीज विश्वविक्रमात झाली आहे. उज्ज्वल नगर, जयप्रकाश नगर आणि छत्रपती चौक ही तीन स्थानके या पुलावर आहेत.

पहिल्यांदा मेट्रोत बसणाऱ्याला या व्यवस्थेची शिस्त परकी वाटण्याचे कारण नाही, कारण ती समजून घ्यायला सोपी आहे. तिकीटघरात किंवा मोबाइलवर घेतलेले तिकीट अथवा आगाऊ पैसे भरलेले महाकार्ड प्रवेशद्वारी टेकवले की फाटक उघडते आणि उतरतानाही तेच करावे लागते. एसटीत वाहक प्रवाशाजवळ येतो. इथे प्रवाशाने यंत्राजवळ जायचे असते. घोषणा मराठीत होतात, पुढचे स्थानक फलकावर दिसते. सीताबर्डीला दोन्ही मार्गिका एकमेकींना छेदतात आणि प्रवासी त्याच इमारतीत मजला बदलून दुसरी गाडी पकडतो. लोहाऱ्यापासून इथवरच्या सगळ्या वाटेवर ज्याची उणीव भासत राहिली, तो नीट बांधलेला सांधा प्रथमच इथे भेटतो. एक गाडी सोडून दुसरी घेताना रस्ता ओलांडावा लागत नाही, तिकीट पुन्हा काढावे लागत नाही, कोणाला विचारावे लागत नाही. पश्चिमेला लोकमान्य नगर स्थानक हिंगण्याच्या औद्योगिक पट्ट्याच्या तोंडाशी आहे, पूर्वेला कॉटन मार्केट आणि नागपूर रेल्वे स्थानक.

या मेट्रोवर रिकाम्या डब्यांची टीका सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळ झाली. त्या टीकेत तथ्य होते, पण तिचा निष्कर्ष चुकीचा होता. डबे रिकामे राहत होते ते लोकांना प्रवासाची गरज नव्हती म्हणून नव्हे; मार्गिका जिथे संपत होत्या तिथून कारखाने आणि कार्यालये आणखी पुढे होती, म्हणून. डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेल्या ४३.८ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्यात खापरीपासून बुटीबोरी एमआयडीसीपर्यंत, लोकमान्य नगरापासून हिंगण्यापर्यंत, तसेच कन्हान आणि ट्रान्सपोर्ट नगरकडे मार्गिका वाढवण्याचे ठरले, ते याच जाणिवेतून. यवतमाळकडच्या माणसासाठी यातला बुटीबोरीचा फाटा सर्वांत मोलाचा आहे, कारण महामार्ग ३६१ जिथे संपतो तिथेच मेट्रो सुरू होणे म्हणजे एसटी आणि मेट्रो यांची गाठ शहराच्या बाहेरच पडणे.

दीडशे किलोमीटरवरून कोणी रोज नोकरीला जाते का, असा प्रश्न या टप्प्यावर विचारला जाईल. मुंबईच्या उपनगरी लोकलने कसाऱ्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे सुमारे १२० किलोमीटरचे अंतर थेट जोडले आहे, आणि त्या मार्गावरून पासधारक कामावर येतात. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या ‘दख्खनची राणी’ या रेल्वेगाडीने पुणे आणि मुंबई यांच्यातील १९२ किलोमीटर रोज कापणाऱ्या चाकरमान्यांची एक स्वतंत्र जमातच निर्माण केली. ही अंतरे लोहाऱ्याच्या अंतराहून फार वेगळी नाहीत. वेगळी आहे ती सकाळी नेणारी आणि संध्याकाळी आणणारी ठरलेली गाडी, स्वस्त मासिक पास आणि वर्षानुवर्षे न बदललेली वेळ. अशा प्रवासाचे गुणगान करण्याचा येथे हेतू नाही. रोज सहा-सात तास वाटेत घालवणे शरीराला आणि संसाराला महाग पडते, हे कसारा आणि कर्जतच्या घरांत सर्वांना ठाऊक आहे. तरीही ज्याच्यापुढे तो पर्याय असतो तो आपला निर्णय आपण घेतो, आणि ज्याच्यापुढे नसतो त्याचा निर्णय वेळापत्रक घेते.

लोहाऱ्यातून नागपूरला नोकरीला लागलेल्यांपैकी बहुतेकांचा निर्णय असाच ठरतो. रुजू झाल्यानंतरचे पहिले काही महिने परिवीक्षेचे, म्हणजे कामाची पारख होऊन नोकरी कायम होण्यापूर्वीचे असतात. त्या काळात हजेरीच्या यंत्रावर ‘थंब’ उशिरा लागणे परवडत नाही. संध्याकाळी सातला सुटून गणेशपेठ गाठायचे, यवतमाळची गाडी पकडायची, मध्यरात्रीच्या सुमारास उतरायचे आणि लोहाऱ्याला जायला वाहन शोधायचे, हे आठवडाभर जमणारे नाही, आणि मुलीच्या बाबतीत घरचे ते एक दिवसही जमू देणार नाहीत. मग वर्धा रोडच्या किंवा हिंगण्याच्या बाजूला दोघा-तिघांत एक खोली घेतली जाते, मेसचा डबा लावला जातो आणि हाती येणाऱ्या पहिल्या पगाराचा मोठा वाटा खोली व जेवणावर जातो. शनिवारी संध्याकाळी यवतमाळच्या गाड्यांना होणारी गर्दी आणि सोमवारच्या पहाटेच्या गाडीत पेंगणारी तरुण माणसे, हे या व्यवस्थेचे रूप आहे. घरी शेती, आजारी वडीलधारी माणसे किंवा लहान भावंडे असणाऱ्यांना हेही जमत नाही. ते नोकरीच सोडतात, आणि अशा सुटलेल्या नोकऱ्यांची गणना कोणी करत नाही.

म्हणूनच काही मागण्या स्पष्टपणे मांडायला हव्यात, आणि त्यांपैकी एकीलाही नवा पूल किंवा नवा बोगदा लागत नाही. यवतमाळहून नागपूरला सकाळी साडेआठच्या आत पोहोचणारी आणि संध्याकाळी साडेसातनंतर परतणारी विनाथांबा एसटी रोज ठरल्या वेळी धावावी. जाताना तिने खापरीच्या मेट्रो स्थानकाशी प्रवासी उतरवावेत आणि येताना तिथूनच घ्यावेत. लोहारा एमआयडीसीच्या पाळ्यांच्या वेळा आणि यवतमाळच्या स्थानकातून सुटणाऱ्या पहिल्या-शेवटच्या गाड्या यांचा मेळ घालणारी एक छोटी फेरी नगर परिषद आणि महामंडळ यांनी मिळून चालवावी. ती कारखान्यात येणाऱ्यालाही उपयोगी पडेल आणि गावातून बाहेर जाणाऱ्यालाही. वर्धा–यवतमाळ मार्गावरच्या गाड्यांचे वेळापत्रक आखताना लांब पल्ल्याच्या गाड्यांइतकाच सकाळी नागपूरला नेणाऱ्या आणि रात्री आणून सोडणाऱ्या प्रवासी गाडीचा विचार व्हावा, आणि तिच्यावर मासिक पास चालावा. यवतमाळच्या लोकप्रतिनिधींनी, प्रवासी संघटनांनी आणि ज्यांची मुले नागपूरला खोली करून राहतात त्या पालकांनी ही वेळापत्रकाची मागणी लेखी स्वरूपात रेल्वेकडे आणि एसटीच्या विभाग नियंत्रकांकडे आत्ताच नोंदवावी, कारण एकदा ठरलेली वेळ बदलून घेण्यापेक्षा ती ठरत असताना मागणे सोपे असते.